बाबांच्या हनुवटीची वायर
बाबा झोपेत लाथा मारतात हे आई कित्येक वर्षं हसत सांगायची, आम्हीपण हसायचो. मग एका रात्री ते स्वप्नात गोलकीपर झाले आणि बॉल अडवायला म्हणून जे झेपावले ते थेट पलंगाखाली. भुवईला टाके पडले तेव्हा कुठे स्लीप स्टडी, म्हणजे रात्रभर झोपेची तपासणी, झाली.

डोक्याला वायरी लावणार हे माहिती होतं, पण हनुवटीलाही लावल्या, हातापायांना, डोळ्यांच्या कडेला, वर कॅमेरा. बाबा वैतागले, हनुवटीने काय मी स्वप्नं बघतो?

गंमत म्हणजे सगळं तिथेच सापडलं. स्वप्नांच्या झोपेत, म्हणजे आरईएममध्ये, मेंदूचा आलेख बराचसा जागेपणीसारखाच दिसतो, डोळे भराभर फिरतात, पण ब्रेनस्टेम, म्हणजे मेंदूचा तळाचा भाग, बाकीचे स्नायू जवळजवळ बंदच करून टाकतो, श्वासाचे आणि डोळ्यांचे सोडून. म्हणून हनुवटीची ईएमजीची, म्हणजे स्नायूंच्या नोंदीची, रेघ सपाट व्हायला हवी. फ्रान्समध्ये मिशेल जूव्हे या संशोधकांनी मांजरांच्या ब्रेनस्टेममधला हा स्विच निकामी केला तर ती झोपेतच उठून न दिसणाऱ्या शिकारीवर झडप घालायला लागली! माणसांमध्ये हा स्विच बिघडण्याचा, म्हणजे बाबांना झालेला, आजार (आरईएम स्लीप बिहेवियर डिसऑर्डर) मात्र अमेरिकेत शेंक आणि माहोवाल्ड या डॉक्टरांनी 1986 मध्ये मांडला, तोवर अशा लोकांना काय काय म्हटलं गेलं असेल देव जाणे.

डॉक्टरांनी स्क्रीनवर 30-30 सेकंदांचे तुकडे दाखवले. ईईजी (मेंदूचा आलेख) आणि डोळे म्हणतायत आरईएम, आणि खाली हनुवटीची रेघ गवतासारखी दाट, व्हिडिओत त्याच क्षणी बाबांची मूठ वर. मी विचारलं मग नुसता व्हिडिओ काढला असता तर? तर म्हणे नाही चालत, कारण फिट, गाढ झोपेतून दचकून उठणं, श्वास अडकून होणारी धडपड, बाहेरून सगळं सारखंच दिसू शकतं, ते झोपेच्या कुठल्या टप्प्यात झालं हे मेंदूच्या रेघांवरूनच कळतं. काही डिप्रेशनच्या गोळ्यांनीही हे होतं, म्हणून आधी औषधांची यादी मागितली होती.

पार्किन्सन्सचं त्यांनी अगदी शेवटी, हळू आवाजात सांगितलं. या आजारातल्या बऱ्याच जणांना पुढे कित्येक वर्षांनी तो किंवा त्याच्यासारखं काही होतं. आई तेव्हापासून लाथांवर हसत नाही. आता मेलाटोनिन (झोपेचं संप्रेरक) चालू आहे, गादी जमिनीवर आणलीये, बाजूचं टेबल हलवलंय, आणि न्यूरोलॉजिस्टकडे ठरावीक महिन्यांनी जायचंय. बाबांना अजून एकच रुखरुख, तो गोल झाला की नाही.