दुबईचा सूर्यास्त
टिळकवाडीतल्या घरी काल भाच्याने दुबईचे फोटो वेळेच्या क्रमाने लावून दाखवले, तेव्हा आधी रात्रीच्या रोषणाईतले कारंजे आले आणि मग सूर्यास्त. “तिकडं सूर्य रात्री मावळतोय काय रे?” आईने विचारले.

सगळे हसले, पण माझ्या मनातून तो प्रश्न जाईना. कारंजे टिपणाऱ्या फोनने नेटवर्कवरून दुबईची वेळ घेतली होती, तर सूर्यास्त टिपणारा कॅमेरा दीड तास पुढे असलेल्या भारतीय वेळेवरच राहिला होता. फोटोची वेळ नोंदवणाऱ्या एक्झिफ मानकात टाइम झोनसाठी जागा २०१६ मध्ये झाली. त्याआधीचे कॅमेरे (भाच्याचा त्यातलाच) नुसते तास-मिनिटे लिहितात.

प्रवासात मध्येच घड्याळ बदलण्यापेक्षा, घरी आल्यावर कॅमेऱ्यातले सगळे फोटो संगणकावर एकदम दीड तास मागे सरकवणे मला सोयीचे वाटते. तुम्ही काय करता?