आमची वाटचाल: ट्रॉलीमागचा लाल दिवा

सांगली-कोल्हापूरकडं रात्री उसाच्या ट्रॉलीमागं लुकलुकणारा लाल दिवा दिसला, तर तो आमचा असू शकतो. नक्की म्हणत नाही, कारण नक्कलही बरीच फिरते. त्याचं पुढं येतंच.

२००९ साली कुपवाड एमआयडीसीत दहा बाय बाराच्या गाळ्यात सुरुवात केली. पहिला दिवा ५५५ वर, म्हणजे ठरावीक वेळानं दिवा लुकलुकवणाऱ्या टायमर आयसीवर (चिपवर). चार पेन्सिल सेल, एक कपॅसिटर, झालं. वाळवा तालुक्यातले एक ट्रॅक्टरमालक, आम्ही त्यांना तात्याच म्हणतो, सहा नग घेऊन गेले आणि पंधरवड्यात परत हजर. "दिवा झ्याक हाय, पण सेल बदलायला एक गडी ठेवावा लागंल."

खरंच होतं ते. एलईडी विझलेला असला तरी साधा ५५५ स्वतःच ३-४ मिलिअँपिअर खातो. अल्कलाइन सेल २००० मिलिअँपिअर-तासांचा धरला तरी वीसेक दिवसांत खेळ खलास, आणि गाळप चालतं चार-पाच महिने. पूर्वी एलएम ३९०९ नावाचा आयसी यायचा, दीड व्होल्टच्या एकाच सेलवर एलईडी लुकलुकवणारा. तो कंपनीनं कधीच बंद केलेला. मग बीसी ५४७ आणि बीसी ५५७ या ट्रान्झिस्टरची जोडी बसवली. दोन सेल, दर सेकंदाला १० मिलिअँपिअरचा २० मिलिसेकंदांचा झटका. सरासरी ०.२ मिलिअँपिअर. कागदावर दहा हजार तास. निम्मे मिळाले तरी हंगाम निघतो.

हे मोजायला मल्टिमीटर नुसता लावू नका, आकडे नाचतात. सेलच्या वायरीत १०० ओहमचा रेझिस्टन्स घाला, त्याच्यापुढं सर्किटला समांतर १०००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, आणि रेझिस्टन्सवरच्या मिलिव्होल्टची सरासरी घ्या. सरासरी २० मिलिव्होल्ट म्हणजे ०.२ मिलिअँपिअर. माझा तो रेझिस्टन्स अजून त्याच लाकडी फळीवर आहे, पाय दोनदा तुटून जोडलेला.

पुढची काही वर्षं बरी गेली.

२०१७ ला एका साखर कारखान्याची ३००० नगांची ऑर्डर आली आणि मी घाई केली. सोल्डरिंग बाहेर दिलं. बोर्ड धुतलेच नाहीत, फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात तो चिकट पदार्थ) तसाच चिकटलेला. आमच्या सर्किटात टायमिंगचा रेझिस्टन्स ४.७ मेगओहम, त्यातून एक मायक्रोअँपिअरही जात नाही. थंडीत पहाटे दव पडलं, फ्लक्सनं ते धरलं आणि रेझिस्टन्सच्या बाजूनं करंटला चोरवाट मिळाली. काही दिवे फडफडायला लागले, काही पेटले ते पेटलेच. आठवड्यात सेल संपले. माल परत, बिल अडकलं, गाळ्याचं भाडं पाच महिने थकलं.

बायको, मेहुणा आणि मी, तिघांनी घरी बसून टूथब्रश आणि आयपीएनं (आयसोप्रोपिल अल्कोहोलनं) तीनही हजार बोर्ड घासले आणि वर लॅकर मारला. धंद्यात पडणाऱ्यांना सांगतो, कमी करंटचं सर्किट म्हणजे सोवळ्यातला स्वयंपाक. आणि साधे झिंक-कार्बन सेल टाकू नका, ते गळतात, पट्ट्या गंजतात आणि शिव्या आपल्याला. उधारीचंही बोललो असतो, पण राहू दे.

धुतलेल्यातले पहिले चाळीस नग तात्यांनी नेले, रोख देऊन. "बिघडलं तर तुमच्याच दारात आणून टाकतो," म्हणाले. एकही आणला नाही.

कारखान्याची ऑर्डर तोवर आमच्याच एमआयडीसीतल्या एकानं उचलली होती. त्याचा दिवा मी पैसे देऊन विकत आणला आणि उघडला. आमच्या दुसऱ्या डिझाइनमध्ये कोपऱ्यात एक भोक चुकून राहून गेलं होतं, त्यात काहीच बसत नाही. त्याच्या बोर्डावर तेच भोक, त्याच जागी. विचारलं, तर म्हणाला, "योगायोग." चहाही पाजला वर.

ते भोक आम्ही काढलेलं नाही. दर वर्षी दसऱ्याला त्याचा नवा दिवा आणून उघडतो. गेल्या वर्षीपर्यंत होतं.