मायलेकींनी बांधलेली दोन चर्चं

एप्रिल १८७० मध्ये ग्रीसमध्ये मॅरेथॉनजवळ दरोडेखोरांनी काही इंग्रज प्रवाशांना आणि त्यांच्या सोबत्यांना पकडलं. खंडणीची जुळवाजुळव चालू असतानाच चौघांना ठार मारलं. त्यात फ्रेडरिक व्हायनर हा तरुण होता. खंडणीसाठी उभारलेले पैसे तसेच राहिले. मग आई लेडी मेरी व्हायनर यांनी यॉर्कशायरमध्ये स्केल्टन-ऑन-युअर इथे, आणि बहीण रिपनच्या मार्शनेस (मार्क्वेस या पदवीच्या सरदाराची पत्नी) यांनी जवळच स्टडली रॉयल इथे, त्याच्या स्मरणार्थ एकेक चर्च बांधलं. दोन्हींचा वास्तुविशारद एकच, विल्यम बर्जेस. स्केल्टनचं क्राइस्ट द कन्सोलर १८७६ मध्ये पुरं झालं, स्टडलीचं सेंट मेरीज १८७८ मध्ये.

व्हिक्टोरियन चर्च म्हणजे गॉथिक या मध्ययुगीन शैलीची नक्कल, असं समजून पुढे जाणारे पुष्कळ असतात. त्यांनी निदान ही दोन तरी पाहावीत, आणि शक्यतो एकाच दिवशी. एका हाताची, एका दुःखातून आलेली दोन कामं लागोपाठ पाहिली की बर्जेसने काय बदललं ते आपोआप दिसायला लागतं.

आपल्याला यात आणखी एक धागा सापडतो. स्टडली बांधवून घेणाऱ्या मार्शनेसचे पती म्हणजे १८८० ते १८८४ या काळात व्हाइसरॉय असलेले लॉर्ड रिपन. त्यांनी नेमलेल्या हंटर शिक्षण आयोगापुढेच १८८२ मध्ये जोतीराव फुले यांनी निवेदन दिलं. हे पतिपत्नी याच चर्चमध्ये विसावले आहेत, त्यांच्या संगमरवरी प्रतिमा तिथे आहेत. बर्जेसने तर मुंबईच्या कलाशाळेसाठीही १८६६ च्या सुमारास आराखडे केले होते. ती इमारत झाली नाही, याची हळहळ स्टडलीचं छत पाहताना जास्तच वाटते.

जायचं कसं? रिपन शहराला आता रेल्वे नाही, प्रवासी गाड्या १९६७ मध्ये बंद झाल्या. हॅरोगेटपर्यंत रेल्वे आणि तिथून ३६ क्रमांकाची बस. रिपनच्या बाजारचौकातून सेंट मेरीज तासाभराच्या चालीवर आहे. वाट हरणांच्या उद्यानातून जाते. दुतर्फा झाडांचा लांबच लांब सरळ रस्ता आणि टोकाला चर्चचा मनोरा. वर पोचलात की मागे वळून पाहायला विसरू नका. त्याच रेषेत, दूर दरीपलीकडे रिपनचं कॅथेड्रल दिसतं, आणि ही रेघ मुद्दाम साधलेली आहे. स्केल्टन रिपनच्या दुसऱ्या बाजूला, न्यूबी हॉलच्या आवारात. दोन्हींमधलं अंतर साधारण दहा किलोमीटर. बसच्या भरवशावर एका दिवसात जमवणं कठीण, सायकल किंवा गाडी हवी. स्टडलीचं दार वर्षभर उघडं नसतं. ते नॅशनल ट्रस्ट सांभाळतं आणि स्केल्टन चर्चेस कॉन्झर्व्हेशन ट्रस्टकडे आहे. निघण्याआधी त्या त्या संस्थेच्या संकेतस्थळावर त्या दिवसाच्या वेळा पाहाव्यात.

स्टडलीत आत शिरल्यावर लगेच वेदीकडे धावू नका. मुख्य दालन बऱ्यापैकी संयमी आहे, आणि ते तसं असण्याला कारण आहे. पुढच्या भागात, म्हणजे चॅन्सेलमध्ये, रंग, सोनं आणि शिल्प एकदम उसळून येतात, वर सोनेरी घुमट आणि देवदूत. दालनात पाच-दहा मिनिटं थांबलात तरच तो फरक अंगावर येतो. चॅन्सेलच्या खिडक्या बाजूने पाहा. दगडी जाळी दुहेरी आहे, एक काचेला लागून आणि दुसरी तिच्यापुढे आतल्या बाजूला. समोरून पाहिलं तर हे कळत नाही. दोन पावलं डावी-उजवीकडे सरकलात की दोन जाळ्या एकमेकींवरून सरकताना दिसतात. छतासाठी आठ पट मोठं दाखवणारी दुर्बीण पुरते. ती विसरलात तर निम्मं चर्च पाहायचंच राहिलं.

रंगीत काचेसाठी वेळ महत्त्वाची. वेदीमागची खिडकी पूर्वेला असते, तिच्यामागे ऊन सकाळीच येतं. दुपारी दक्षिणेच्या खिडक्या पाहाव्यात. कडक उन्हापेक्षा उजळ पण ढगाळ आभाळ बरं. उन्हात काही तुकडे भगभगतात आणि त्यांच्या शेजारचे काळे पडतात. फोटो काढताना फ्लॅश नको. काचेवर तो कुचकामी आहे, मागचा प्रकाश मारतो. उजेड काचेवर मोजून घ्या, भिंत काळी आली तर येऊ द्या.

इंग्लंडमधल्या दुसऱ्या एखाद्या खेड्यात असं चर्च लागलं तर पहिली अडचण दाराची. लोखंडी कडी फिरवून पाहतात, दार हलत नाही, ‘कुलूप आहे’ म्हणून माघारी जातात. कडी फिरवली की आतला अडसर उचलला जातो. ती तशीच धरून दाराला कडीजवळच खांद्याने रेटा द्या. पावसाळी हवेत ओक फुगून बसलेलं असतं. तरीही उघडलं नाही तर पोर्चमधल्या, म्हणजे दाराबाहेरच्या छपरीतल्या, फलकावर चावी कुणाकडे मिळेल ते बहुधा लिहिलेलं असतं. आत गेल्यावर आणि बाहेर पडताना दार नक्की लावा. पाकोळ्या आत शिरतात आणि कोंडून पाण्यावाचून मरतात.

चिखलाचे बूट पोर्चमध्येच काढावेत, आणि हे केवळ शिष्टाचारापुरतं नाही. त्या काळच्या नक्षीदार फरशांत नक्षी वरून रंगवलेली नसते. ओल्या मातीच्या लादीत साच्याने खाच पाडायची, तिच्यात दुसऱ्या रंगाची पातळ माती ओतायची, सुकल्यावर वरचा थर खरवडून सपाट करायचा आणि भाजायचं. दोन्ही माती सारख्या आकसल्या नाहीत तर नक्षीच्या कडेने भेग जाते, म्हणून हे काम अवघड. इंग्लंडमधल्या स्टोकच्या मिंटन कारखान्याने हे लोपलेलं मध्ययुगीन तंत्र पुन्हा जमवून आणलं. नक्षी काही मिलिमीटर खोल असल्याने फरशी झिजली तरी फुलं राहतात. पण बुटाखालची वाळू काचकागदासारखी घासते, आणि दीड शतकात जे झिजलं ते परत येत नाही.

मध्ययुगीन म्हणून दाखवलेलं चर्च खरोखर तसं आहे का, हे ओळखायचं असेल तर कमानींच्या कडा पाहा. सगळ्या सारख्याच धारदार, भिंतींचा गिलावा खरवडून दगड उघडा केलेला आणि बाकं एकाच घाटाची असतील, तर १८४० नंतर तिथे हात फिरलेला आहे. अशाच खरवडण्याला विरोध म्हणून विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणाची संस्था काढली. पोर्चमध्ये किती जागा मोफत आहेत ते सांगणारी जुनी पाटी दिसली तर जरूर वाचा. बाकांना भाडं घेण्याची रीत होती, आणि चर्चबांधणीला अनुदान देणारी संस्था गरिबांसाठी जागा मोफत ठेवण्याची अट घालत असे.