निशाण टांगू नका, आडवं ठेवा : बेळगावच्या हवेत जुने लष्करी ध्वज जपताना

जुन्या लष्करी निशाणाची सगळ्यात जास्त हानी होते ती त्याला मानाने काठीसकट भिंतीवर टांगल्यामुळे. दुपदरी रेशीम, मधोमध जरीचं भरगच्च काम, कडेला झालर, आणि हा सगळा भार काठीजवळच्या पट्टीवर. काही दशकांत कापड भाराच्या दिशेने चिरत जातं. वर गंजके लोखंडी खिळे असतील तर तेवढ्या भागाचं कापड आधी काळं पडतं, मग गळून जातं.

मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात असल्यामुळे या पट्ट्यात फौजी घराणी गावोगाव आहेत. ब्रिटिश राजाच्या नावाची निशाणं १९५० मध्ये देहरादूनच्या भारतीय लष्करी अकादमीतल्या चेटवुड हॉलमध्ये ठेवली गेली, आणि पलटणीची अधिकृत निशाणं पलटणीकडेच असतात. गावच्या छोट्या संग्रहालयाकडे येतात ती पलटणीतल्या कंपन्यांची (तुकड्यांची) निशाणं, पताका, भाल्याची फडकी, पेटीच्या तळाशी घडी करून ठेवलेले तिरंगे. त्यांचा मान कमी नाही, म्हणून काळजीही कमी नको.

वस्तू आली की लगेच उलगडू नका. जुन्या कापडावर कधीकाळी डीडीटीची भुकटी मारलेली असू शकते, म्हणून नायट्राइलचे हातमोजे आणि मास्क लावा. दोन्ही बाजूंचे फोटो शेजारी मोजपट्टी ठेवून काढा. कापड खाणाऱ्या किड्यांच्या अळ्या किंवा कुरतडलेल्या कडा दिसल्या तर ध्वज पॉलिथिनमध्ये हवाबंद करून उणे २० अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास तशीच राहू द्या. लगेच उघडली तर थंड कापडावर दव धरतं. रंगाने चित्र काढलेला ध्वज मात्र फ्रीजरमध्ये नको, रंगाला तडे जातात. वेखंड किंवा कडुनिंबाचा पाला कापडात कधीच ठेवू नये. त्याचा चुरा डाग पाडतो आणि स्वतःच किड्यांचं खाद्य होतो.

धुणं, इस्त्री आणि रफू, तिन्ही वर्ज्य. ओलं रेशीम कमजोर होतं, लाल रंग पांढऱ्यात उतरतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या बऱ्याच रेशमाला वजन यावं म्हणून कथलाचे क्षार पाजलेले असत. असं रेशीम सरळ रेषेत तडकतं आणि पेटीत भुकटी सांडलेली दिसते. त्यावर उपाय नाही. पुढची झीज मंद करता येते, इतकंच. बेळगावच्या शहापूर-वडगाव या विणकर वस्त्यांत कुशल हात पुष्कळ आहेत, पण नव्या कापडाला शोभणारा ताणलेला टाका इथे शेजारचा धागा कापतो. धूळ काढायची तर व्हॅक्युम क्लीनर अगदी कमी ओढीवर, मध्ये नायलॉनची जाळी धरून. जरीला चिंच-लिंबू लावू नका. चांदीच्या तारेवरचा सोन्याचा मुलामा इतका पातळ असतो की काळपटपणासोबत तोही निघून जातो. चांदी काळी पडते गंधकाच्या वाफेने, म्हणून घोंगडी, रबरी चटई असल्या वस्तू त्याच कपाटात नकोत.

आता हवेचं. जून ते सप्टेंबर बेळगाव-खानापुरात दिवसचे दिवस आर्द्रता ८५-९० टक्क्यांच्या घरात असते, आणि ६५च्या वर टिकून राहिली की बुरशी धरते. हवं आहे ४५ ते ५५. दिवसा एसी लावून संध्याकाळी बंद करण्याची पद्धत फार घातक आहे : रात्री आर्द्रता उसळते, सकाळी कोसळते, आणि रेशीम, सुती अस्तर व जर वेगवेगळ्या मापाने फुगून-आकसून एकमेकांना ओढतात. त्यापेक्षा एकच छोटी खोली निवडा, फटी बुजवा आणि नळी थेट मोरीत सोडलेला डीह्युमिडिफायर (हवेतला दमटपणा काढणारं यंत्र) चोवीस तास चालू ठेवा. पाऊस उघडला म्हणून खिडक्या उघडू नका. आर्द्रतामापकही तपासून घ्यावा. झाकणात ओलसर मीठ (पातळ नव्हे, चिखलासारखं) घेऊन ते आणि मापक हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी आकडा ७५ दिसला पाहिजे. ७० दाखवत असेल तर नोंदीत ५ मिळवा.

मांडणीसाठी सोपा पाट असा. उदाहरणादाखल, पलटणीच्या निशाणाचं नेहमीचं माप ४५ बाय ३६ इंच, म्हणजे ११४ बाय ९१ सेंटीमीटर. त्याला १२६ बाय १०३चा पाट घ्या. प्लायवूड नको, त्यातून आम्ल आणि फॉर्मल्डिहाइडची वाफ सुटत राहते. फलक बनवणाऱ्यांकडे मिळणारी अॅल्युमिनियम कॉम्पोझिट शीट चालते. कडा घासून घ्याव्यात आणि मागे अॅल्युमिनियमची चौकट द्यावी, नाहीतर मध्ये झोल येतो. वर पॉलिएस्टर वॅडिंगचा (कापसासारख्या मऊ भरणीचा) पातळ थर, त्यावर खळ जाईपर्यंत साध्या पाण्यात धुतलेलं, रंग न सुटणारं सुती कापड. ते मागच्या बाजूला शिवून ताणायचं. फेव्हिकॉल किंवा चिकटपट्टी ध्वजाच्या जवळपासही नको. कापडात जीव असेल तर बारीक सुईने, धाग्यांच्या मधल्या जागेतून, सैल टाके घाला. तडकणारं रेशीम असेल तर सुई लावूच नका. त्याच रंगछटेची बारीक नायलॉन जाळी वरून अंथरून ती फक्त ध्वजाच्या कडेबाहेर शिवा. पाटाचा उतार १५ ते २० अंश, त्याहून उभा नको. समोर अॅक्रिलिक लावलं तर स्थिर विजेने सुटे धागे वर खेचले जातात, म्हणून काच घ्या आणि ती कापडापासून किमान २ सेंटीमीटर लांब ठेवा. ६ मिलिमीटरची एवढी काच सुमारे २० किलो भरते. बिजागऱ्या त्या हिशेबाने घ्या, आणि उघडताना दोन माणसं हवीतच.

प्रकाश ५० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक). नोव्हेंबर ते फेब्रुवारी, म्हणजे कोरड्या हवेत १५ जानेवारीचा सेना दिन आणि २६ जानेवारीही साधून, रोज ८ तास धरले तर १२० दिवसांत ४८,००० लक्स-तास होतात. २,००० लक्स पडणाऱ्या खिडकीशेजारी तेवढाच प्रकाश ३ दिवसांत पडतो, आणि उडालेला रंग परत येत नाही. उरलेले आठ महिने मूळ ध्वज अंधारात आणि जागेवर प्रतिकृती, तसं फलकावर स्पष्ट लिहून.

साठवताना दुपदरी निशाण गुंडाळू नये, आतला पदर चुण्या घेतो. सपाट ट्रेमध्ये ठेवा. जागाच नसेल आणि घडी घालावीच लागली तर घडीत आम्लरहित टिश्यूची गुंडाळी भरा, दर सहा महिन्यांनी घडीची जागा बदला. रेशीम-लोकरीला विनाबफर (अल्कधर्मी क्षार न मिसळलेला) टिश्यू, सुती खादीला बफर केलेला चालतो. खादीच्या तिरंग्यात खळ राहिलेली असेल तर झुरळं आणि कसरी तिथेच येतात, तेव्हा ते ट्रे पावसाळ्यात दर पंधरवड्याला उघडून टॉर्चच्या तिरप्या उजेडात पाहावेत. नोंदणी क्रमांक कापडावर शाईने न लिहिता सुती फितीवर लिहून ती फीत कडेच्या दुमडीला दोन टाक्यांनी अडकवावी.