कंबर, बीपीचं यंत्र आणि सूर्यनमस्कार : बडोद्याहून पुढची नोंद

मंडळी, आधी निकाल सांगते. कंबर धरल्यामुळे बंद पडलेले सूर्यनमस्कार आता उत्तानासनासकट (उभ्यानं पुढं वाकण्यासकट) पूर्ण, पुन्हा सुरू झाले आहेत. वेग पूर्वीइतका नाही, भुजंगासनात अजून हात राखून जाते, पण खुर्चीवरून उठताना मांडीवर हात रेटावा लागायचा, ते थांबलं. कंबर सुधारताना पोटाचे आतले स्नायू जागे करायचे, असं मागच्या नोंदीत लिहिलं होतं. ते वाचून बऱ्याच जणांनी विचारलं की म्हणजे नक्की करायचं तरी काय. आज त्याबद्दलच लिहिते.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात : गणपतीच्या तोंडावर माळ्यावरून मखराचा खोका उतरवताना कमरेत उजवीकडे चमक भरली. कळ पायात उतरली नव्हती, मुंग्या नव्हत्या. डॉक्टरांनी पायाची ताकद आणि रिफ्लेक्स तपासले आणि एक्स-रेची गरज नाही असं सांगितलं. एवढी तपासणी प्रत्येकानं करून घ्यावी, हे मी कळकळीनं सांगते. लघवी-संडासावरचा ताबा सुटला, मांड्यांच्या मधल्या भागाला बधिरपणा आला किंवा पाऊल उचलेनासं झालं तर त्याच तासाला दवाखाना गाठायचा. ताप असेल, मोठा मार लागला असेल, पूर्वी कर्करोग झालेला असेल, तरीही आधी डॉक्टर, मग व्यायाम.

दांडिया बाजारातल्या आमच्या घरी पहिला सल्ला आला तो सासूबाईंचा : फळीवर सतरंजी घाल आणि पडून राहा. त्यांच्या पिढीला डॉक्टरच तसं सांगत. पण १९९५ साली हेलसिंकी शहराच्या नोकरीतल्या १८६ जणांवर झालेला अभ्यास आपल्यासारख्यांनी लक्षात ठेवावा असा आहे. अचानक कंबर धरलेल्या या लोकांचे तीन गट केले. एकानं दोन दिवस अंथरुणात पडून राहायचं, दुसऱ्यानं पाठीचे व्यायाम करायचे, तिसऱ्यानं झेपेल तेवढे रोजचे व्यवहार चालू ठेवायचे. सर्वांत चांगला सुधारला तो तिसरा गट, सर्वांत सावकाश पहिला. म्हणजे ताज्या दुखण्यात व्यायामालाही घाई नको. चालतं-फिरतं राहणं हाच पहिला इलाज. म्हणून सुरुवातीला मी घरातल्या घरात फेऱ्या मारल्या, पोळ्या लाटताना मध्ये मध्ये बसून घेतलं, आणि चमक थोडी ओसरल्यावर फिजिओथेरपिस्टकडे गेले.

आता पोटाकडे येऊ. आरशात दिसतो तो पोटाचा वरचा, उभा स्नायू. बाजूंना तिरपे दोन थर. या सगळ्यांच्या आत ट्रान्सव्हर्सस ॲब्डॉमिनिस. खालच्या सहा फासळ्यांच्या आतल्या बाजूनं, कमरेच्या हाडाच्या कडेवरून आणि पाठीतल्या जाड पडद्यापासून निघून त्याचे आडवे धागे पोटाच्या मध्यरेषेला येऊन मिळतात. कमरेला शेला आवळावा तसा हा स्नायू पोट आतून आवळतो. मागे, मणक्यांना अगदी बिलगून, मल्टिफिडस नावाचे आखूड स्नायू असतात. वर श्वासपटल, खाली ओटीपोटाचा तळ. हे चौघं मिळून मणक्यांना आधार देतात.

१९९६ साली ब्रिस्बेनच्या क्वीन्सलंड विद्यापीठात पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन यांनी लोकांना उभं करून फक्त हात झटकन वर उचलायला सांगितलं आणि स्नायूंतले विजेचे संकेत मोजले. कंबर न दुखणाऱ्यांमध्ये ट्रान्सव्हर्सस खांद्याच्या स्नायूच्याही आधी आवळला जात होता. ज्यांना कंबरदुखीचा इतिहास होता त्यांच्यात तो उशिरा जागा होत होता. या प्रयोगात ताकद मोजलेली नव्हती, वेळ मोजलेली होती. मला हेच सर्वांत महत्त्वाचं वाटतं. आपण नमस्कारवाले ताकदीच्या मागे लागतो, संख्या वाढवतो. इथं काम आहे ते वेळेवर जागं होण्याचं, आणि त्याला जोर लागतच नाही.

स्नायू सापडायचा कसा? उताणं झोपा, गुडघे वाकवा, पावलं जमिनीला. कमरेच्या पुढच्या बाजूला दोन्हीकडे हाडाचं टोक लागतं. तिथून दोन बोटं आत आणि किंचित खाली बोटांची टोकं रुतवा. सहज श्वास घ्या, सोडा, आणि सोडता सोडता बेंबीखालचा भाग हलकेच आत, पाठीकडे न्या. बोटांखाली हळूहळू ताण आला पाहिजे, कापड ताणलं जावं तितकाच. बोटं झटक्यानं बाहेर ढकलली गेली तर तो तिरपा स्नायू आहे, आपल्याला हवा तो नाही. फासळ्या आत ओढल्या गेल्या, कंबर जमिनीवर दाबली गेली, श्वास अडला, तर जोर जास्त झाला. आमच्या फिजिओबेन माझ्या पोटावर हात ठेवून एकच सांगत राहायच्या, "धीमे बेन, साव धीमे." म्हणजे हळू, अगदी हळू. पूर्ण ताकदीच्या पाव हिश्श्याहूनही कमी. ताण आला की तो तसाच ठेवून साधा श्वास चालू ठेवायचा, दहा सेकंद. श्वास चालू ठेवणं हा यातला खरा कस आहे.

बोटांवर भरवसा बसेना म्हणून आम्ही यंत्र वापरलं. फिजिओकडे यासाठी डायल लावलेली हवेची उशी असते. घरी मी सासऱ्यांच्या जुन्या डायलवाल्या बीपीच्या यंत्राचा पट्टा घडी करून वापरला. उताणं झोपून तो कमरेच्या पोकळीत ठेवायचा आणि काटा ४० वर येईपर्यंत हवा भरायची. आता पोटाचा खालचा भाग आत घेतला तरी काटा ४० च्या आसपासच राहिला पाहिजे. वर चढला तर आपण कंबर दाबतोय, खाली घसरला तर कंबर उचलतोय. श्वासाबरोबर दोनेक अंक इकडेतिकडे होतात, ते चालतं. पालथं झोपून करायचं तर पट्टा पोटाखाली, बेंबीच्या खाली, आणि सुरुवात ७० वर. इथं उलट, काटा उतरायला हवा, साधारण सहा ते दहा अंक, आणि दहा सेकंद तिथं टिकायला हवा. माझा काटा पहिल्यांदा नुसता थरथरत होता, उतरायचं नाव नाही. नंतर एकदा शांतपणे ६४ वर येऊन थांबला, आणि मी तिथल्या तिथे पडूनच सासऱ्यांना हाक मारली. त्यांनी चष्मा लावून डायल पाहिली आणि म्हणाले, "आता हा बीपीसाठी परत देशील का?"

उड्डियान बंध करणाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहिते, कारण दोन जणांनी हे दोन्ही एकच समजून विचारलं होतं. उड्डियानात श्वास पूर्ण सोडून रोखतो आणि छाती फुलवतो. त्यामुळे पोट आत खेचलं जातं, स्नायू स्वतः आवळून नव्हे. इथं श्वास चालू असतो आणि पोट आत जाणं डोळ्यांना जेमतेम दिसतं. उड्डियान उत्तम जमतो म्हणून हे जमेलच असं नाही.

आता याचा उपयोग किती? ब्रिस्बेनच्याच जूली हाइड्स यांनी पहिल्यांदाच कंबर धरलेल्या ३९ जणांना पाहिलं. दुखऱ्या बाजूचा मल्टिफिडस बारीक झालेला सोनोग्राफीत दिसत होता. काहींना आतल्या स्नायूंचे व्यायाम दिले, काहींना नाही. चार आठवड्यांत दुखणं दोन्ही गटांचं गेलं. मात्र स्नायूचा आकार व्यायाम करणाऱ्यांचाच भरून आला. वर्षभरात दुखणं परतलं ते व्यायाम करणाऱ्यांपैकी ३० टक्क्यांचं आणि न करणाऱ्यांपैकी ८४ टक्क्यांचं. आकडे मोठे आहेत, पण माणसं थोडी होती. पुढं २०१६ साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेच्या आढाव्यांनी सगळे प्रयोग एकत्र करून पाहिले तेव्हा हा व्यायाम इतर व्यायामांपेक्षा ठळकपणे सरस निघाला नाही. कॅनडातले पाठीच्या दुखण्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल तर म्हणतात की एकच स्नायू निवडून आत ओढण्यापेक्षा पोट चहूबाजूंनी घट्ट करावं. मी हे सगळं वाचून ठरवलं ते असं : दुखणं थांबवायचं औषध म्हणून याच्याकडे पाहायचं नाही. जड हालचालीकडे परत जाताना शरीर ओळखून घ्यायची पहिली पायरी म्हणून ती घ्यायची, आणि जमली की तिच्यावर रेंगाळायचं नाही. दिवसभर पोट आत धरून फिरणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांचा श्वास उथळ होतो आणि कंबर अधिक ताठरते. तसं अजिबात करू नका.

मी पुढं कशी गेले ते सांगते. आधी उताणं झोपून तो हलका ताण ठेवून एक टाच सरकवणं, मग एक पाय उचलणं, पट्टा खाली ठेवूनच. मग ओणवं होऊन बर्ड डॉग, म्हणजे उजवा हात आणि डावा पाय लांब करायचा, मग उलट. यात मल्टिफिडसही कामाला लागतो. मग गुडघ्यांवरचा साइड प्लँक, म्हणजे कुशीवर होऊन कोपर आणि गुडघ्यावर अंग सरळ उचलून धरायचं. त्यानंतर नमस्कारातली आसनं एकेक करून आणली. सर्वांत आधी परत आलं चतुरंगदंडासन, याचं मलाच आश्चर्य वाटलं. कंबर सरळ ठेवायची असल्यानं ते दुखलंच नाही. पर्वतासन गुडघे थोडे वाकवून. अश्वसंचालनासनात मागचा गुडघा टेकवून. सर्वांत शेवटी उत्तानासन.

उत्तानासनासाठी मी वेळच बदलली. रात्रभर आडवं राहिल्यानं मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, म्हणून सकाळी आपली उंचीही थोडी जास्त भरते. त्या वेळी पुढं वाकलं की चकतीवर ताण अधिक येतो. त्यामुळे उठल्या उठल्या नमस्कार ही माझी जुनी सवय मी सध्या बाजूला ठेवली आहे. सकाळी कामाटीबागेत चालते आणि नमस्कार संध्याकाळी घालते. सूर्याला पाठ दाखवून नमस्कार कसले, असं आमच्या गटातल्या काकांचं म्हणणं. त्यांचा मान राखून मी पश्चिमेकडे तोंड करते.

चालण्याबद्दल आणखी एक. सिडनीच्या मॅक्वॉरी विद्यापीठाचा ७०१ जणांवरचा अभ्यास २०२४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. नुकतंच कंबरदुखीतून उठलेल्यांना हळूहळू चालणं वाढवायला शिकवलं, लक्ष्य होतं आठवड्यातून पाच वेळा अर्धा तास. निम्म्या लोकांचं दुखणं परतायला चालणाऱ्यांमध्ये २०८ दिवस लागले, इतरांमध्ये ११२. पट्टा नाही, डायल नाही, फी नाही. तेव्हा ज्यांना पोटाचा हा बारीक व्यायाम जमत नाही त्यांनी हिरमुसू नका, बूट घाला आणि निघा.

बडोदं म्हणजे व्यायाम शिकवणाऱ्या आणि हाडं बसवणाऱ्या प्रो. माणिकरावांचं गाव. इथं तालमीत वाढलेली आणि हाडं बसवणारी माणसं अजून भेटतात. आमच्या गल्लीतल्या एका आजोबांनी जोर घालताना मला पाहिलं आणि म्हणाले, खाली जाताना पोट सोडतेस, कंबर त्यामुळे लोंबते. त्यांनी ट्रान्सव्हर्ससचं नाव कधी ऐकलेलं नाही, पण बोट बरोबर त्याच जागी ठेवलं. म्हणून पुढचा टप्पा जोर, पण पुन्हा पहिल्यापासून. आधी भिंतीला हात टेकून, मग ओट्यावर, मग जमिनीवर. रथसप्तमीपर्यंत जमिनीवर उतरायचा विचार आहे, पण त्या दिवशी १०८ नमस्कार घालायचा हट्ट यंदा नाही. तुमच्यापैकी जे मल्लखांब करतात त्यांना विचारायचं होतं : दसरंगात पाय वर नेताना तुम्ही श्वास सोडता की धरता? जोर घालताना मी खाली जाताना श्वास घेते, वर येताना सोडते, आणि वर येतानाच कंबर अजून किंचित डगमगते.