हिवाळ्यातसुद्धा हीच गाडी?

"आणि हिवाळ्यात कुठली चालवता?"

गाडी बघितली की पाच मिनिटांत हा प्रश्न येतोच. स्टुटगार्टच्या गणपतीत भेटलेल्या पुण्याच्या एका काकांनी विचारला, ऑफिसातल्या जर्मन सहकाऱ्यांनी विचारला, टायर बदलून देणाऱ्या माणसानेही विचारला. आई तर दर डिसेंबरात व्हिडिओ कॉलवर विचारते, "अरे, त्या बुटक्या गाडीतून बर्फात जातोस?" आजवर सगळ्यांना उभ्या उभ्या दोन वाक्यांत उत्तर दिलं. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट बसून सांगतो.

गाडी माझदा एमएक्स-५. दोन सीट, कापडी छप्पर, इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना. हे मॉडेल १९८९ साली शिकागोच्या वाहन प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांसमोर आलं. माझी चौथ्या पिढीतली, दीड लिटर इंजिनाची, १३१ हॉर्सपॉवरची, सेकंडहँड घेतलेली. मी राहतो म्युन्सिंगेनजवळच्या एका गावात, दक्षिण जर्मनीतल्या श्वेबिशे आल्बच्या पठारावर, साधारण ७०० मीटर उंचीवर. नोकरी खाली रॉयटलिंगेनला. रोज सकाळी झेबुर्गचा घाट उतरून बाड उराख, पुढे मेट्झिंगेन, मग ऑफिस. संध्याकाळी तोच रस्ता उलटा. खाली पाऊस असतो तेव्हा वर कित्येकदा बर्फ पडत असतो. घरात दुसरी गाडी नाही. बायकोचं काम घरूनच चालतं. लहान मूल असतं तर हे गणित वेगळं झालं असतं, तेही आधीच सांगून टाकतो.

इथे अशा गाड्यांचा एक ठरलेला रिवाज आहे. जर्मनीत १९९७ पासून हंगामी नंबरप्लेट मिळते. प्लेटच्या उजव्या टोकाला दोन आकडे एकाखाली एक छापलेले असतात, समजा ०४ आणि १०. म्हणजे ही गाडी एप्रिल ते ऑक्टोबर. कर आणि विमा तेवढ्याच महिन्यांचा भरायचा, पण उरलेल्या महिन्यांत ती चालवणं तर सोडाच, सार्वजनिक रस्त्याच्या कडेला उभीसुद्धा करायची नाही. आमच्या ऑफिसात दोघांकडे रोडस्टर, म्हणजे अशाच दोन सीटच्या उघड्या छपराच्या गाड्या, आहेत. ऑक्टोबरच्या शेवटी दोघेही गाडी धुतात, टायरमध्ये थोडी जास्त हवा भरतात, बॅटरीला चार्जर लावतात आणि वर चादर घालतात. गाडीवर त्यांचं माझ्याइतकंच प्रेम आहे, आणि त्यांचं चुकतं असं मी मुळीच म्हणणार नाही. मला ते जमत नाही, याचं कारण माझ्या लहानपणात आहे.

बाबा साताऱ्याहून मेढ्याच्या शाळेत शिकवायला जायचे, येझदी मोटारसायकलवरून. येझदीत किकची आणि गिअरची दांडी एकच. किक मारून झाली की तीच दांडी पुढे आडवी करायची, की गिअर टाकायला मोकळे. जावळीचा पाऊस ज्याने पाहिलाय त्याला सांगायला नको. जून ते सप्टेंबर कितीतरी लोक गाडी ताडपत्रीखाली ठेवून एसटीने जायचे. बाबा गाडीच काढायचे. वह्यांचा गठ्ठा प्लास्टिकच्या पिशवीत, वर रेनकोट. रविवारी सकाळी प्लग काढून त्यावरचा कार्बन पॉलिश पेपरने घासायचे, चेनला तेल सोडायचे, आणि मला समोर बसवून म्हणायचे, "गाडी चालवून खराब होत नाही रे, उभी ठेवून होते." त्यांचं म्हणणं यंत्राच्या बाबतीत बऱ्यापैकी खरं आहे. उभ्या गाडीची बॅटरी उतरते, टायर एकाच जागी दबून बसतात, ब्रेकच्या चकत्यांवर गंज चढतो. पण मला आठवतो तो त्यांचा पावसातून घरी आलेला चेहरा. चिंब भिजलेला आणि प्रसन्न. सुट्टीच्या दिवशी फिरायला काढलेल्या गाडीचा आनंद असतोच. मला तो मंगळवारी सकाळी कामाला जातानाही हवा होता.

आता बर्फाकडे येतो.

सगळी मदार टायरवर आहे. मागच्या चाकांवर चालणारी गाडी बर्फात निकामी असते, हे मी शेकडो वेळा ऐकलंय. गाडीला ढकलणारी चाकं पुढची की मागची, हा प्रश्न टायरनंतर येतो. थंडीत आपल्याकडे खोबरेल तेलाची बाटली कशी घट्ट होते, बोट घातलं तरी आत जात नाही. उन्हाळी टायरच्या रबराचं साधारण ७ अंशांखाली तसंच होऊ लागतं. बाहेरून दिसत काहीच नाही, पण रस्त्याला चिकटून राहायचा त्याचा मऊपणा गेलेला असतो. हिवाळी टायरचं रबर गारठ्यातही मऊ राहील असं बनवलेलं असतं, आणि त्याच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने मारल्यासारख्या बारीक नागमोडी चिरा असतात. बर्फावर त्या चिरा उघडतात, बर्फ धरतात. बर्फ बर्फाला धरतो आणि त्यामुळे पकड मिळते. म्हणूनच टायरमध्ये बर्फ भरलेला दिसला की तो बिघडला असं समजू नका.

हे मी शिकलो ते फजिती होऊन. गाडी घेतली त्याच्या दुसऱ्या वर्षी टायर बदलायची वेळ नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्याची घेतली होती. इथे हिवाळी टायर "ओ ते ओ" वापरायचे असा ठोकताळा आहे, ऑक्टोबर ते ऑस्टर्न, म्हणजे ईस्टर. मी तो मनावर घेतला नाही. ऑक्टोबर संपता संपता एका दुपारी बर्फ सुरू झाला. बाड उराखपर्यंत नुसता ओला रस्ता होता. झेबुर्गच्या पुढे चढ लागला, तिथे दोन बोटं बर्फ. पहिल्याच वळणावर मागची चाकं फिरायला लागली, गाडी जागची हलेना, आणि शेपूट अलगद दरीच्या बाजूला सरकायला लागलं. फार नाही, हातभर. तेवढ्याने घसा कोरडा पडला. हॅझर्ड लावले, मागच्या गाड्या जाऊ दिल्या, इंचाइंचाने वळवली आणि उराखला परत आलो. गाडी तिथेच ठेवून बसने वर गेलो. चूक सर्वस्वी माझी होती. कायद्यानेही माझीच. इथे हिवाळी टायरला ठरलेली तारीख नाही. रस्त्यावर बर्फ किंवा गोठलेलं पाणी असेल तर ते हवेतच, नाहीतर ६० युरो दंड आणि परवान्यावर एक पॉइंट. ऑक्टोबर २०२४ पासून तर टायरवर डोंगर आणि हिमकणाचं चिन्हच लागतं, चिखल-बर्फासाठीच्या जुन्या, नुसत्या एम अधिक एस अक्षरांवर भागत नाही. त्या फजितीच्या वर्षापासून मी ऑक्टोबरचा पहिला आठवडा धरतो. वेगळ्या रिमांवर चढवलेला, १९५/५० आर १६ मापाचा हिवाळी टायरचा दुसरा संच आहे. खाचेची खोली ४ मिलिमीटरवर आली की बदलतो, कायद्याची मर्यादा १.६ असली तरी.

टायर बरोबर असले की ही गाडी बर्फात चांगली चालते, आणि हे मी तिच्यावरच्या मायेपोटी म्हणत नाही. चालकाशिवाय तिचं वजन हजार किलोच्या आतबाहेर. तेवढंच थांबवायचं, तेवढंच वळवायचं. शेजारच्या आजोबांनी डिकीत वाळूची पोती टाकायला सांगितलं होतं, ते जुन्या मागच्या चाकांच्या गाड्यांत तसंच करायचे. इथे गरज पडत नाही, कारण जवळजवळ निम्मं वजन मुळातच मागच्या चाकांवर आहे.

पण तिचं खरं मोल वेगळंच आहे. ही गाडी बनवणाऱ्यांचा एक जपानी शब्द आहे, जिन्बा इत्ताई, घोडा आणि स्वार एकजीव. हा शब्द मला पटला तो जानेवारीतल्या एका अंधाऱ्या सकाळी, घाट उतरताना. रस्ता काळा, ओला दिसत होता. वळणाआधी स्टिअरिंग हातात एकदम हलकं झालं, जणू खालचा रस्ताच कुणी काढून घेतला. पाणी नव्हतं ते, पारदर्शक बर्फाचा पापुद्रा होता. मी काहीच केलं नाही. ब्रेक नाही, क्लच नाही, स्टिअरिंग होतं तसं. चार-पाच मीटर पुढे गेल्यावर हातात वजन परत आलं. उंच, जड, आतून शांत अशा गाड्या मी भाड्याने घेऊन चालवल्या आहेत. हा निरोप त्यांच्यातून हाताला इतक्या लवकर पोचत नाही. समोर पिवळा दिवा लुकलुकतो तोवर तुम्ही घसरलेले असता. तो दिवा ज्या यंत्रणेचा, ती ईएसपी, म्हणजे गाडी घसरू लागली की तिला आपोआप सावरणारी यंत्रणा, १९९५ मध्ये बॉश आणि मर्सिडीजने, म्हणजे आमच्या याच भागातल्या कंपन्यांनी, पहिल्यांदा विकायच्या गाडीत बसवली. तिच्याबद्दल मला नितांत आदर आहे आणि घाटात मी ती कधीच बंद करत नाही. पण तिच्यावर वेळ येऊ नये अशीच गाडी चालवायची असते.

चालवण्याचं म्हणाल तर, सगळं लवकर आणि हळू. दुसऱ्या गिअरमध्ये उठायचं. ब्रेक वळणाच्या आधी, चाकं सरळ असताना. आणि एक गोष्ट मागच्या चाकांच्या गाडीत विसरायची नाही: खालचा गिअर टाकून क्लच झटकन सोडलात तर इंजिनच मागची चाकं अडवतं आणि शेपूट सुटतं. खाली गिअर टाकताना किंचित अ‍ॅक्सिलरेटर देऊन क्लच सोडायचा. हे मी एडीएसी या जर्मन मोटार क्लबच्या प्रशिक्षणात ओल्या, निसरड्या केलेल्या मैदानावर दिवसभर गिरक्या घेऊन शिकलो. अशी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाने पहिले पैसे तिथे घालावेत, असं मला मनापासून वाटतं.

मिठाचा मात्र त्रास आहे. इथे रस्त्यावर ओलसर मीठ पसरतात, ते गाडीच्या पोटाला चिकटून बसतं. घेतल्या घेतल्या खालच्या पोकळ भागांत मेण मारून घेतलं. तापमान शून्याच्या वर गेलं की दर पंधरा दिवसांनी पोट खालून धुतो. लोकांना वाटतं ऊबदार गॅरेज असतं तर बरं. मीठ लागलेल्या गाडीला ऊब उलट वाईट, गंज जोरात चढतो. माझी उघड्यावर, गारठ्यात असते. छपरावरचा बर्फ मऊ केसांच्या झाडूने काढायचा, कापडाला खरवडणी लावायची नाही, आणि गोठलेलं छप्पर कधीही दुमडायचं नाही. दाराच्या रबरी पट्ट्यांना ऑक्टोबरात सिलिकॉनचा हात फिरवायचा, नाहीतर सकाळी दार चिकटतं. सामानाचंही विचारतात. डिकी १३० लिटरची. दहा किलोची तांदळाची गोणी आणि पाच किलोचं आटा पीठ शेजारच्या सीटवर बसवतो आणि त्यांना पट्टा लावतो, नाहीतर गाडी घरापर्यंत टिंग टिंग करत राहते.

आणि काही दिवस मी गाडी काढत नाही. ती बुटकी आहे. बर्फ हटवणारी गाडी न फिरलेल्या रस्त्यावरचा ताजा बर्फ घोट्याच्या वर असेल तर ती पोटावर तरंगायला लागते आणि चाकांना जमीनच लागत नाही. गेल्या हिवाळ्यात असे चार दिवस आले. तेव्हा घरून काम केलं. ज्याला असं घरी राहता येत नाही, दवाखान्यात ड्युटी आहे, शाळेत हजर व्हायचंय, त्याने मी करतो तसं करू नये.

एवढं करून मिळतं काय, तेही सांगतो. इथे हिवाळ्यात कधी कधी उलटं हवामान होतं. थंड हवा दरीत साचते, नेकारचं खोरं आठवडाभर धुक्याखाली बुडतं आणि वर पठारावर लख्ख ऊन. संध्याकाळी उराखपर्यंत राखाडी अंधारात यायचं. होहेनउराखचा किल्ला वर कुठेतरी असतो, दिसत नाही. घाट चढायला लागलं की तिसऱ्या-चौथ्या वळणावर धुकं पिवळं होतं, मग पांढरं, मग एकदम संपतं. वर निळं आकाश, झाडांवर गोठलेलं दंव, रस्ता कोरडा. मी कडेला थांबतो. छपराचं कापड कोरडं आहे ना, हात फिरवून बघतो. मग बसल्या जागेवरून एका हाताने ते मागे टाकतो. बाहेर उणे तीन. डोक्याला लोकरी टोपी, पायावर हीटर पूर्ण, सीट गरम. घरापर्यंतची ती दहा मिनिटं अख्ख्या उन्हाळ्यात मिळत नाहीत.

गेल्या फेब्रुवारीत आई आली. विमानतळावर तिच्या दोन बॅगा असणार म्हणून मोठी गाडी भाड्याने घेतली. तिसऱ्या दिवशी मात्र तीच म्हणाली, "चल, तुझ्या त्या गाडीतून ने." गुडघ्यांमुळे तिला आत बसवायला वेळ लागला. बसल्यावर म्हणाली, "रस्त्यावरच बसल्यासारखं वाटतंय." सीट गरम झाली तशी तिने हात खाली घालून चाचपून पाहिली. घाटात दोन्ही बाजूंना बर्फ होता, रस्ता ओला. मी बोलत नव्हतो, तीही नाही. उराखला पोचल्यावर तिने मफलर सारखा केला आणि म्हणाली, "तुझे बाबा पण पावसात गाडी चालवताना असेच गप्प व्हायचे. मला वाटायचं चिडलेत."