मे महिन्यातलं नागपूर आणि माझी औषधांची पिशवी

मामेबहिणीच्या मुलीचं लग्न नागपूरला, तेही मे महिन्यात. बायको म्हणाली, "आहेर पाठवून देऊ." मीच हट्टाला पेटलो. पाठीच्या कण्याला टी-४ पातळीवर, म्हणजे छातीमागच्या चौथ्या मणक्यापाशी, मार लागून मला नऊ वर्षं झाली. छातीखाली संवेदना नाही. रोजचं औषध म्हणजे स्नायूंचे झटके आवरायला बॅक्लोफेन १० मिलिग्रॅम तीनदा, मूत्राशयासाठी ऑक्सिब्युटिनिन, रात्री नसांच्या दुखण्यासाठी प्रीगाबालिन, एक दिवसाआड शौचासाठी सपोझिटरी (गुदद्वारात ठेवायची वडी). शिवाय दिवसाला पाच वेळा कॅथेटर, म्हणजे लघवी काढायची नळी. चार दिवसांसाठी आठ दिवसांचा साठा घेतला, तिथवर शहाणपण होतं.

नाशिकरोडहून रात्रीची विदर्भ एक्सप्रेस धरली. सेकंड एसी घ्या, पडदा असतो. व्हीलचेअर आतल्या बोळातून जात नाही, दोन हमालांनी उचलून बर्थवर ठेवलं. संडास विसराच, पांघरुणाखाली कॅथेटर आणि रुंद तोंडाची, घट्ट झाकणाची बाटली. प्रीगाबालिनने झोप गाढ लागते म्हणून पहाटेचा गजर बायकोच्या उशाशी ठेवला.

घोळ नागपुरात झाला. स्टेशनवर भाच्याने सगळं सामान डिकीत टाकलं, त्यात औषधांची पिशवीही गेली. मला घरी सोडून तो गाडी घेऊन हॉलवर. दुपारी दोनची गोळी चुकली. पाचच्या सुमाराला पाय सुरू झाले. आधी टाचा थडथडल्या, मग उजवा गुडघा असा उसळला की चप्पल उडून रुखवताच्या ताटात. पोरं हसली, मीही हसलो, पण पोटात गोळा आला होता. बॅक्लोफेन एकदम बंद पडलं तर झटके वाढतात, भास होतात, फिटही येऊ शकते. एका डोसाने एवढं होत नाही, पण पिशवी रात्रीपर्यंत येईल याची खात्री कोण देणार?

शेजारच्या दुकानदाराने फोनमधला प्रिस्क्रिप्शनचा फोटो पाहिला. ब्रँड नव्हता, म्हणून त्याने दुसरी पट्टी काढली. ती २५ ची. "अर्धी करून घ्या ना जी!" अर्धी म्हणजे साडेबारा, मला हवी दहा. नको म्हटलं आणि रिक्षावाल्याला सांगितलं, "मेडिकलला चल." त्याने थेट सरकारी मेडिकल कॉलेजच्या दारात नेलं! आपल्याकडे मेडिकल म्हणजे औषधाचं दुकान, नागपुरात मेडिकल म्हणजे ते रुग्णालय. चूक पथ्यावर पडली, मेडिकल चौकात औषधांची दुकानं हवी तेवढी. दहाची पट्टी मिळाली. उशीर झाला म्हणून दोन एकदम घेऊ नका. मी एकच घेतली आणि पुढच्या वेळेचं डॉक्टरांना फोन करून विचारलं.

तेव्हा पिशवी मांडीवरच. आणि डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम सुवाच्य अक्षरात लिहून घ्या, ब्रँड गावोगाव बदलतो. पट्टी कापून देतात तेव्हा नाव आणि एक्स्पायरी असलेला तुकडा शेवटपर्यंत जपा.

रात्री पिशवी आली तेव्हा सपोझिटरी म्हणजे कागदातलं तूप. फ्रिजमध्ये ठेवल्यावर घट्ट झाल्या, पण आकार असा की लावायची सोय नाही. नव्या आणून रुंद तोंडाच्या थर्मासात ठेवल्या.

लग्नाच्या दिवशी पारा चव्वेचाळीसच्या वर. नागपूरकर दुपट्टा बांधून, घाम गाळून निभावतात. मला छातीखाली घामच येत नाही, आणि ऑक्सिब्युटिनिन उरलासुरला घामही कमी करतं. त्यामुळे मान, हात, चेहरा ओला करायला फवाऱ्याची बाटली आणि एक पंचा सतत जवळ. गोळी मनाने बंद करायची नाही. उन्हाळ्याच्या प्रवासाआधी डॉक्टरांशी बोलायचं.

पाणी हा दुसरा पेच. पन्हं, ताक, पुन्हा पन्हं असा आग्रह चालूच, आणि कॅथेटरची वेळ मात्र मी जुनीच धरून बसलेलो. मंगलाष्टकं चालू असताना डोकं ठणकायला लागलं, चेहरा तापला, हातावर काटा. टी-६ किंवा त्याच्या वर इजा असलेल्यांनी ही खूण ओळखायला हवी: ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया, रक्तदाब झपाट्याने चढतो. आडवं व्हायचं नाही, ताठ बसून कपडे सैल करायचे आणि आधी मूत्राशय रिकामं करायचं. वधूपक्षाच्या खोलीत बायकोने दार लावलं. साडेसहाशे मिली निघालं, आणि डोकं उतरलं. उतरलं नसतं तर थेट इस्पितळ. त्यानंतर दर साडेतीन तासांनी.

सावजीला मात्र नकार दिला. दुसऱ्या सकाळी सपोझिटरीचा वार होता.

फिरायचं असेल तर मेट्रो घ्या. लिफ्ट आहेत, खुर्ची फलाटावरून सरळ डब्यात जाते, आत गारवा. जयप्रकाश नगरहून सीताबर्डीला गेलो, तिथे दुसऱ्या मार्गिकेवर बदलून सुभाष नगर. मात्र स्टेशनबाहेरचा रस्ता सकाळी नऊच्या आत नाहीतर संध्याकाळी सहानंतरच. परतताना भाच्याने संत्रा बर्फीचा डबा दिला, तो डिकीत गेला.